सेकंड हँड स्कूटर घेताय? आधी हे सगळं बघा, मग पैशाचं बोला

मोटरसायकल बघायला गेलं की निदान इंजिन डोळ्यासमोर असतं, ऑइल कुठून पाझरतंय, चेन किती सैल झालीये, सगळं उभ्या उभ्या दिसतं. स्कूटरचं तसं नाही. तिचं जे काही झिजतं ते सगळं प्लास्टिकच्या पॅनलखाली लपलेलं असतं आणि वरून पॉलिश मारली की दहा वर्षांची गाडी सुद्धा चकाचक दिसते. म्हणून पहिल्यांदा घेणारा माणूस रंग बघतो, सीट बघतो, एक चक्कर मारतो आणि हो म्हणून मोकळा होतो. मी पण पहिली गाडी अशीच घेतली होती आणि ती चूक मला महागात पडली, त्यानंतर घरच्यांसाठी, मित्रांसाठी बऱ्याच गाड्या बघून झाल्या. स्कूटर डोळ्यांनी कमी आणि हाताने, कानाने जास्त बघायची असते, तर ती कशी बघायची ते क्रमाने सांगतो.

फोनवरच अर्धं काम होतं

जायच्या आधी फोन करा आणि साधे प्रश्न विचारा. गाडी तुमच्याच नावावर आहे का, किती वर्षं वापरताय, रोज चालते की उभी असते, शेवटची सर्व्हिसिंग कधी केली, बेल्ट कधी बदलला, दोन्ही चाव्या आहेत का, कुठे आपटली होती का. उत्तर काय येतं त्यापेक्षा कसं येतं तिकडे लक्ष द्या. ज्याने गाडी स्वतः वापरलीये तो "बेल्ट मागच्या वर्षी टाकला, मागचा टायर आता करावा लागेल" असं सहज सांगतो, आणि ज्याला काहीच माहीत नाही पण "एकदम टकाटक आहे, काहीच काम नाही" एवढंच जो सांगतो त्याच्याकडे जाताना जास्त वेळ काढून जा.

आणि एक गोष्ट आवर्जून सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. हे का ते पुढे सांगतो.

जायचं ते दिवसाउजेडी. संध्याकाळी नको आणि पाऊस पडून गाडी ओली असताना तर अजिबात नको, पाण्याखाली ओरखडे पण दिसत नाहीत आणि ऑइलची गळती पण कळत नाही. सोबत एक चांगली टॉर्च, जुनं फडकं, कागद-पेन आणि शक्य असेल तर एक माणूस घ्या. तो जाणकारच हवा असं नाही, पण तुम्ही गाडी चालवत असताना मागून बघायला आणि तुम्ही मोहात पडलात तर थांबवायला कोणीतरी लागतं. त्या मॉडेलचं ओनर्स मॅन्युअल मिळालं तर आदल्या रात्री चाळून घ्या, बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा, टायरमध्ये हवा किती, ऑइल किती हे आकडे त्यात असतात.

पोचल्यावर आधी इंजिनला हात

गाडीपाशी गेलात की गप्पा मारता मारता हात इंजिनजवळ न्या. थेट सायलेन्सरला लावू नका, गरम असेल तर भाजेल. हाताची मागची बाजू दोन बोटं अंतरावर धरा, ऊब लगेच कळते. गाडी गार असेल तर उत्तम. गरम असेल तर समजा की तुम्ही यायच्या आधी कोणीतरी सुरू करून ठेवलीये, आणि कारण विचारा. कदाचित तो खरंच आत्ता कामावरून आला असेल, पण मग सांगा की मी दोन-तीन तासांनी परत येतो. लाजू नका.

माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी नेमकं हेच झालं होतं. मी गेलो तेव्हा गाडी बाहेर काढून, पुसून, सुरूच ठेवलेली होती. बटण नुसतं दाबलं की स्टार्ट, आवाज मऊ, मी खूश. घरी आणली, दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबतोय दाबतोय, बॅटरी दमली, मग किक मारून मारून पाय दुखायला लागला तेव्हा कुठे धूर सोडत सुरू झाली. मेकॅनिकने पिस्टनच्या रिंगा (पिस्टनभोवती बसून सील करणाऱ्या कड्या) गेल्याचं सांगितलं आणि बोअर-पिस्टनचं काम निघालं. गार इंजिनमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ऑइल घट्ट असतं आणि झिजलेल्या रिंगा नीट सील करत नाहीत, त्यामुळे सगळी दुखणी गार असतानाच वर येतात. एकदा गरम झालं की तीच गाडी गुपचूप चालते.

सुरू करायच्या आधी ऑइल बघून घ्या. गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर लावा, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा, फडक्याने पुसा, परत घाला, काढा आणि बघा. (काही गाड्यांमध्ये स्टिक फिरवून घट्ट करायची नसते, नुसती टेकवून माप घ्यायचं असतं, ते मॅन्युअलमध्ये बघा.) काळं ऑइल दिसलं म्हणून घाबरू नका, वापरलेलं ऑइल काळंच होतं. पण लेव्हल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर गंभीर आहे, कारण बहुतेक स्कूटरमध्ये इंजिन ऑइल एक लिटरपेक्षाही कमी असतं, त्यातलं थोडं जरी जळलं तरी उरलेल्यावर इंजिन घासत राहतं. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. फडक्यावरचा थेंब उन्हात धरा, त्यात चमचमणारे बारीक कण दिसले तर आतला धातू झिजून बाहेर येतोय. या दोन्हीपैकी काही दिसलं तर मी तरी तिथूनच परत फिरतो.

आता चावी फिरवा पण लगेच स्टार्ट करू नका. फ्युएल इंजेक्शनची (कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल सोडणारी) गाडी असेल तर मीटरवर इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे, काही गाड्यांत तो इंजिन सुरू झाल्यावर विझतो. सुरू झाल्यावरही तो लागलेलाच राहिला तर सिस्टिममध्ये फॉल्ट आहे हे सगळ्यांना कळतं, पण तो मुळात लागलाच नाही तर जास्त सावध व्हा, दिवाच काढून टाकलेला असू शकतो म्हणजे फॉल्ट दिसायलाच नको.

मग स्टार्ट. दोन-तीन वेळात घेतली तर ठीक. किक असेल तर नंतर बंद करून किकनेही करून बघा, किक सटकतेय का, परत वर येते का. गाडी स्लोवर (रेस न देता नुसती चालू) सोडा आणि काही न बोलता एक मिनिट नुसतं ऐका. विकणारा माणूस नेमका याच वेळी बोलत राहतो, रेस देत राहतो, त्याला नम्रपणे सांगा दादा जरा थांबा. हलकी टिकटिक येऊन गरम झाल्यावर कमी झाली तर ती टॅपेटची (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) असते आणि ते काम छोटं आहे. खोलवरून ठकठक येत असेल, रेस दिल्यावर वाढत असेल, तर ते आतलं काम. डाव्या हाताला जो लांबट कव्हरचा भाग असतो (बहुतेक स्कूटरचा बेल्ट डावीकडेच असतो) तिथून खडखड, खरखर येतेय का तेही वेगळं ऐका.

धूर बघायला मागे जा. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येऊन थांबते, ती नुसती ओल असते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर तुंबलाय किंवा कार्बोरेटरचं सेटिंग बिघडलंय, ते दुरुस्त होतं. जुनी टू-स्ट्रोक गाडी असेल तर तिचं गणित वेगळं, तिच्यात ऑइल पेट्रोलबरोबर जळतंच त्यामुळे थोडा निळा धूर येणारच. फोर-स्ट्रोकला मात्र निळ्या धुराची सूट नाही. एक युक्ती सांगतो, गाडी गरम झाल्यावर मिनिटभर स्लोवर ठेवा आणि मग एकदम रेस द्या, व्हॉल्व्हचे सील गेले असतील तर त्या क्षणी मागून निळा भपका येतो.

बेल्टची बाजू, जिथे बहुतेक जण बघतच नाहीत

गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये चेन नसते, बेल्ट असतो. पुढे एक पुली, तिला व्हेरिएटर म्हणतात, तिच्यात छोटे रोलर असतात. रेस वाढली की रोलर बाहेर फेकले जातात, पुलीच्या दोन चकत्या जवळ येतात आणि त्यांच्यामधला बेल्ट वर चढतो, म्हणजे आपोआप गिअर बदलल्यासारखं होतं. मागे दुसरी पुली आणि तिच्यावर क्लच, जो ठरावीक वेगाला आपोआप पकडतो. हे सगळं समजून घ्यायचं कारण एवढंच की यातला प्रत्येक भाग झिजतो आणि झिजला की चालवताना तो आपली खूण देतो.

बेल्ट झिजून अरुंद झाला की पुढच्या पुलीवर पूर्ण वर चढत नाही, त्यामुळे इंजिन ओरडतं पण टॉप स्पीड येत नाही. रोलर एका बाजूने चपटे झाले की पिकअपमध्ये मधेच अडखळल्यासारखं होतं. क्लचचे शू (डब्याला आतून घासून पकडणारे तुकडे) गुळगुळीत झाले किंवा क्लचचा डबा झिजला की सिग्नलवरून सुटताना गाडी थरथरते, अगदी सीटपर्यंत जाणवतं. आणि रेस दिली, आवाज वाढला, पण गाडी उशिरा उचलते, तर बेल्ट किंवा क्लच घसरतोय.

मेन स्टँडवर गाडी स्लोवर असताना मागचं चाक हळूहळू फिरत असेल तर ते चालतं, ब्रेक लावला की थांबलं पाहिजे. पण जोरात फिरत असेल, ब्रेक सोडला की परत पळत असेल, तर एकतर स्लो जास्त ठेवलाय किंवा क्लचच्या स्प्रिंगा सैल पडल्यात. जमिनीवर तीच गाडी ब्रेक सोडल्या सोडल्या पुढे सरकायला बघेल, आणि नवशिक्यासाठी ते धोक्याचं आहे.

बेल्ट कधी बदलायचा हे मॉडेलप्रमाणे बदलतं, कुठे १० हजार किलोमीटर, कुठे २० हजारांच्याही पुढे. मीटर जर त्या आकड्याच्या पुढे गेलेलं असेल आणि बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर सरळ धरून चाला की बदललेला नाही, आणि बेल्ट, रोलर, लेबर असा खर्च कागदावर लिहा. बेल्ट तुटला तर गाडी जागेवर उभी राहते, किक मारून किंवा ढकलून काही उपयोग नसतो. मागच्या चाकाजवळ गिअर ऑइलही असतं, वेगळं, थोडंसंच, पण सर्व्हिसिंगमध्ये हटकून विसरलं जातं. चाक हाताने फिरवून बघा, घरघर येत असेल तर तिथलं बेअरिंग किंवा गिअर.

पडलेली गाडी ओळखायची कशी

पडून ओरखडे आलेली गाडी आणि समोरून ठोकलेली गाडी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ओरखडे चालतात. ठोकलेली गाडी सरळ चालत नाही आणि ती पूर्ण सरळ करणं फार अवघड.

आधी दहा पावलं मागे जा आणि गाडीच्या बरोबर पाठीमागे खाली बसा. मागचं चाक, पुढचं चाक, हँडल, सगळं एका रेषेत दिसतंय का बघा. मग जवळ येऊन पॅनलच्या फटी बघा, डावीकडची फट आणि उजवीकडची फट सारखी आहे का. स्क्रू कुठे गायब आहेत का, कुठे वेगळाच स्क्रू लावलाय का, एखाद्या पॅनलचा रंग उन्हात जरा निराळा दिसतोय का. ब्रेक लिव्हरची टोकं, हँडलची टोकं, मागच्या फूटरेस्टची कड, सायलेन्सरची बाहेरची बाजू, गाडी पडली की हीच घासतात. लिव्हर नवीन कोरे आणि बाकी गाडी जुनी, तर का बदलले ते विचारायचंच.

त्यानंतर हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवा आणि टॉर्चने खाली बघा, जिथे हँडल अडतं तिथे लोखंडाचा एक अडथळा असतो. समोरून जोरात ठोकलेल्या गाडीत तो बऱ्याचदा चेपलेला, वाकलेला किंवा परत वेल्डिंग केलेला सापडतो. त्यावर कोणी पॉलिश मारत नाही, म्हणून माझा त्यावर जास्त विश्वास आहे.

मेन स्टँडवर असतानाच सोबतच्या माणसाला मागे दाबायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. आता हँडल दोन बोटांनी हळूच एका बाजूकडून दुसरीकडे न्या. लोण्यासारखं फिरलं पाहिजे. मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर हँडलचे बेअरिंग गेले. मग पुढचं चाक खालून दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा, खटखट झाली तर बेअरिंग सैल. मागच्या चाकालाही तसंच आडवं हलवून बघा. मागे थोडाही खेळ असेल तर दुर्लक्ष करू नका. स्कूटरचं मागचं चाक सरळ इंजिनच्याच शाफ्टवर बसलेलं असतं आणि अख्खं इंजिन चाकाबरोबर वर-खाली होतं, त्यामुळे खेळ बेअरिंगचाही असू शकतो आणि इंजिन ज्या बुशवर (रबरी आधारावर) लटकलंय त्या बुशचाही. बुश गेला की वळणावर गाडीचं ढुंगण वेगळ्याच दिशेला जातंय असं वाटतं.

शॉकअप दाबून बघा, दाबून सोडल्यावर एकदा वर येऊन थांबायला पाहिजे, दोन-तीनदा उसळत राहिली तर गेलेले. पुढच्या शॉकअपच्या पाईपवर बोट फिरवा, ऑइलचा थर आला तर सील फुटलंय.

शेवटी पाय ठेवायची जागा. मॅट उचला, खाली टॉर्च मारा, मग जमिनीवर टेकून गाडीच्या पोटाखालूनही बघा. सांगाड्याचे पाईप फूटबोर्डच्या खालूनच जातात आणि पाणी-चिखल तिथेच साचतो. वरवरचा तांबूस गंज चालेल. पण चावीने टोचल्यावर पापुद्रा निघतोय, भोक पडतंय, किंवा ताजा काळा रंग फासलाय आणि त्याखाली फुगवटे आहेत, तर ती गाडी नको. इंजिनचं काम करून मिळतं, कुजलेल्या सांगाड्यावर बसून फिरणं म्हणजे जिवाशी खेळ.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी पण याच वेळी सापडते. सीटखालच्या डिकीचे कोपरे, हेडलाईटची काच, मीटरची काच बघा, आत सुकलेल्या गाळाची रेघ किंवा धुकं दिसतं. वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर असेल तर अशी गाडी पुढे सतत इलेक्ट्रिकचा त्रास देते.

टायर आणि ब्रेक

टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी टायर जुना असेल तर रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड राहत नाही. बाजूला बारीक भेगा असतील तर टायर बदलायचाच, मग तो खर्च कागदावर. नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. गाडीचं वय आणि टायरचं वय जुळवून पण बघा, मीटर ५ हजार दाखवतंय आणि कंपनीतून आलेले दोन्ही टायर एकदा बदलून झालेत, असं कसं?

ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकची तार जिथे चाकाजवळ संपते तिथला नट बघा, तो जवळजवळ शेवटपर्यंत आत फिरवलेला असेल तर लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे) संपलेत. डिस्क असेल तर डिस्कवर बोट फिरवा (गार असताना), कडेला उंच कंगोरा लागला तर डिस्क झिजलीये. तिच्या कमीत कमी जाडीचा आकडा बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेला असतो. हँडलवरच्या छोट्या काचेतून ब्रेक ऑइल बघा, फिकट पिवळसर असेल तर छान, चहासारखं काळपट झालं असेल तर जुनं आहे. ते हवेतली ओल धरतं म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. लिव्हर दाबल्यावर स्पंजसारखा लागला तर आत हवा शिरलीये.

लाईट, हॉर्न, बॅटरी

हे पटकन होतं. सगळं एकदा इंजिन चालू असताना लावून बघा, हेडलाईट वर-खाली, चारही इंडिकेटर, दोन्ही ब्रेकने मागचा दिवा लागतो का, हॉर्न, पेट्रोलचा काटा. स्टार्टर लागोपाठ तीन-चार वेळा मारा, बॅटरी मरायला लागलेली असेल तर तिसऱ्या वेळी आवाज जड होतो. मित्राकडे मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) असेल तर बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि थोडी रेस दिल्यावर साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवं. रेस देऊनही आकडा हलला नाही तर चार्जिंग होत नाहीये, मग नवीन बॅटरी टाकली तरी तीही उतरणार.

आता चालवा

हेल्मेट घालूनच. पहिली पाच मिनिटं हळू, फक्त जाणवून घ्यायला. सुटताना थरथर, मधेच अडखळणं, मागून सर्र आवाज. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर वेग घ्या आणि हळूहळू रेस सोडा, हात हँडलवरच पण सैल. गाडी एका बाजूला ओढतेय का, वेग कमी होताना हँडल थडथडतंय का. लहान चाकांच्या गाड्यांत हे थडथडणं जास्त होतं आणि कारण बहुधा टायर, रिम किंवा हँडलचे बेअरिंग असतं. ब्रेक आधी हळू मारा, मागे कोणी नाही बघून मग जोरात. लिव्हरमध्ये धडधड येते का, गाडी वाकडी होते का. स्पीडब्रेकरवर सावकाश जाताना खडखड कुठून येतेय ते ऐका. एखादा चढ असेल तर डबलसीट चढवून बघा, कारण एकट्याला ओढणारी दमलेली गाडी दोघांना घेतल्यावर खरं बोलते. सोबतच्या माणसाला एकदा मागून चालत येऊन चाकं सरळ आहेत का, धूर आहे का हे बघायला सांगा.

चांगली पंधरा-वीस मिनिटं चालवा, मग बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि परत स्टार्ट करा. गार असताना छान सुरू होणारी पण गरम झाल्यावर नाटक करणारी गाडी पण असते, व्हॉल्व्ह घट्ट झाले की असं होतं. थांबलेल्या वेळात गाडीखाली जुना कागद ठेवा, कुठे थेंब पडतो ते कळेल.

मीटर आणि कागद

मीटरवरच्या आकड्यावर एकट्यावर विश्वास ठेवू नका. हातात धरायचे रबर गुळगुळीत झालेत का, फूटबोर्डवर टाच टेकते तिथली नक्षी गेलीये का, चावीचं भोक किती घासलंय, सीटचं कव्हर बदललंय का, हे आणि आकडा जुळायला पाहिजे. जुन्या सर्व्हिस बिलांवर किलोमीटर लिहिलेले असतात, ते तारखेप्रमाणे चढते आहेत का बघा.

चॅसी नंबर (सांगाड्यावर कोरलेला) आणि इंजिन नंबर स्वतः गाडीवर शोधा आणि गाडीच्या कागदपत्रांशी एकेक अक्षर जुळवा. विकणाऱ्याने वाचायचं आणि तुम्ही मान डोलवायची असं करू नका. १७ अक्षरांचा चॅसी नंबर असेल तर त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कागदावर ती दिसली तर एकतर टाईप करताना चुकलंय किंवा प्रकरण वेगळं आहे. नंबरच्या आसपास घासल्याच्या खुणा, ताजा रंग, अक्षरं वाकडीतिकडी, यापैकी काहीही असेल तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका. नाव ज्याचं आहे तोच समोर आहे का, गाडीवर कर्ज बाकी नाही ना, दंड थकलेले नाहीत ना, इन्शुरन्स चालू आहे का हे पैसे द्यायच्या आधी तपासायचं, नंतर नाही. "नाव नंतर करून देतो" यावर पूर्ण पैसे देऊ नका. आणि दोन्ही चाव्या घ्या, काही गाड्यांच्या चावीत चिप असते आणि मूळ चावी हरवली तर दुसरी बनवणं फार त्रासाचं होतं.

इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर बेल्ट-ऑइलचं सगळं सोडून द्या, तिथे गाडी म्हणजे बॅटरी. फुल चार्ज करून ठेवायला सांगा, मीटर बघून ठरावीक अंतर चालवा आणि किती टक्के उतरले ते मोजा. चढावर टक्के एकदम धपकन खाली आले आणि सपाटीला परत वर गेले तर बॅटरी थकलीये. चार्जर ओरिजिनल आहे का, समोर लावून चार्ज होते का, बॅटरीची वॉरंटी पुढच्या मालकाला लागू होते का, एवढं विचारा.

भाव करताना

तुमचा तो कागद आता उघडा. टायर, बेल्ट, बॅटरी, लायनर, जे जे लिहिलंय त्याच्या किमती आधी मेकॅनिककडून विचारून ठेवलेल्या असल्या तर फार बरं. गाडीला नावं ठेवू नका, कोणीतरी ती वर्षानुवर्षं वापरलेली असते. शांतपणे सांगा की एवढं काम मला लगेच करावं लागेल, ते धरून माझ्या हिशोबाने इतके होतात. "अजून दोघं जण येऊन गेलेत, आत्ताच टोकन द्या" असं कोणी म्हणालं तर त्यांना देऊ द्या. मनात थोडी जरी शंका असेल तर पैसे देऊन आपल्या मेकॅनिककडून एकदा तपासून घ्या आणि बेल्टचं कव्हर उघडूनच बघायला सांगा. विकणारा मेकॅनिककडे न्यायला तयारच नसेल तर दुसरी गाडी बघायला लागा.

घेतलीत की पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, गिअर ऑइल, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बदलून टाका, आधीच्याने बदललं म्हणून सांगितलं असलं तरी. काढलेला प्लग फेकू नका, बघा. टोक फिकट विटकरी असेल तर इंजिन नीट जळतंय, काळं तेलकट असेल तर पुढचे काही दिवस ऑइलची लेव्हल दर आठवड्याला बघत रहा. आणि त्या दिवशीचे किलोमीटर एका चिठ्ठीवर तारखेसकट लिहून डिकीत ठेवा.